बाई, हे कुणी सांगितलं?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी शाळेत इतिहास शिकवते. नाशिक जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. वर्गात चार-दोन मुलं तरी पैठणी विणणाऱ्या घरांतली असतात. इतिहासाच्या तासांबरोबर ग्रंथालयाच्या कपाटांच्या किल्ल्याही माझ्याचकडे असतात. म्हणजे कुठल्या पुस्तकावर भरवसा ठेवावा आणि कुठल्या नाही, हे मुलांना सांगणं हा माझा पोटापाण्याचाच धंदा म्हणा ना! म्हणूनच आज जी गोष्ट सांगणार आहे, ती सांगताना थोडी शरम वाटते. पण ती सांगितल्याशिवाय पुढचं बोलता यायचं नाही.

२०१८ सालचा जून महिना. शाळा नुकत्याच उघडल्या होत्या. एका संध्याकाळी माझ्या नणंदेनं मला व्हॉट्सअ‍ॅपवर एक व्हिडिओ पाठवला. गल्लीत मुलं क्रिकेट खेळतायत, मोटारसायकलवरून दोघं येतात, एका लहानग्याला उचलतात आणि गाडी भरधाव निघून जाते. खाली मजकूर, ‘मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात आली आहे. सावध राहा. जास्तीत जास्त लोकांना पाठवा.’ माझ्या पोटात गोळाच आला. आम्ही शिक्षक पालकांचा ग्रुप चालवतो, तो अशाच वेळी कामाला यावा म्हणून. मी क्षणाचाही विचार न करता तो व्हिडिओ तिथं टाकला. पुढे ‘काळजी घ्या’ एवढे दोन शब्द माझे जोडले आणि पोळ्या करायला गेले.

आठवड्याभरानं बाजाराच्या दिवशी एसटी स्टँडजवळ गर्दी जमली. आमच्या भागात पाट्या-वरवंट्याला टाकी लावणारी एक बाई वर्षानुवर्षं येते. छिन्नी-हातोडीची पिशवी खांद्याला आणि कडेवर नात. त्या दिवशी कुणीतरी म्हणालं, ‘ही पोर हिची कशावरून?’ बस्स, एवढंच पुरलं. दहाचे पन्नास झाले. एक दगड तिच्या कपाळाला लागला. स्टँडसमोरचा चहावाला मध्ये पडला, ‘अरे, दहा वर्षं ही माझ्याकडे चहा पिते’ असं ओरडत राहिला आणि तेवढ्यात पोलीस आले. बाई वाचली. संध्याकाळी आमच्या शाळेतल्या शिपाईमामांनी मला हे सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर जरा घुटमळले आणि म्हणाले, ‘बाई, गर्दीतला एक पोरगा आपल्याच शाळेतला. मोबाइल दाखवून म्हणत होता, बाईंनी पाठवलंय, म्हणजे खरंच असणार.’

त्या रात्री मला झोप लागली नाही.

आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी, १ जुलै २०१८ला, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला काय झालं ते आपल्या सर्वांना ठाऊक आहे. आठवडी बाजाराला आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे, पोटासाठी गावोगाव फिरणारे. मुलं पळवणारे समजून जमावानं त्यांना मारलं. ग्रामपंचायतीच्या कचेरीत त्या पाचही जणांचा जीव गेला. त्याच रात्री मालेगावातही एका कुटुंबाला पोलिसांनी जमावाच्या तावडीतून सोडवलं. आमच्या गावातली बाई आणि राईनपाड्याचे ते पाच जण यांच्यात फरक कितीसा होता? एका चहावाल्याचा!

दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात गेले, तर मुलं गप्प. फळ्यावर धड्याचं नाव लिहिलं, तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. उद्धटपणानं नव्हे, अगदी साधेपणानं त्यानं विचारलं, ‘बाई, तो व्हिडिओ तुम्हाला कुणी पाठवला होता?’

मी म्हटलं, ‘माझ्या नणंदेनं.’

‘आणि त्यांना?’

‘ते मला माहीत नाही रे.’

‘आणि तो आहे कुठल्या गावचा?’

तेही मला माहीत नव्हतं. फळ्यावर मी धड्याचं नाव लिहिलं होतं, ‘इतिहासाची साधने’. नववीच्या पुस्तकातला पहिलाच धडा! आता बोला!

मंडळी, तो व्हिडिओ कुठला होता ते नंतर कळलं. तो होता पाकिस्तानातल्या कराचीचा. तिथल्या एका संस्थेनं, मुलांकडे लक्ष ठेवा हे पालकांना सांगण्यासाठी, तो नट घेऊन मुद्दाम तयार केला होता. मूळ व्हिडिओत शेवटी मोटारसायकलवाले परत येतात, मुलाला खाली उतरवतात आणि हातातला फलक दाखवतात. मूल पळवायला एक क्षण पुरतो, अशा अर्थाचा. कुणीतरी शेवटचा तेवढा भाग कापून टाकला. खोटं काही जोडलंच नाही, फक्त खरं होतं तेवढं काढून घेतलं. आणि आणखी एक गोष्ट. पुढे ढकललेल्या मजकुरावर ‘फॉरवर्डेड’ अशी खूण आज दिसते ना, ती व्हॉट्सअ‍ॅपनं आणली २०१८च्या जुलैत. त्यानंतर एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा भारतात घातली तीही जुलैतच. मी पाठवला तो जूनमध्ये. म्हणजे पालकांच्या फोनवर तो दिसला, तो जणू मीच काढलेला, माझाच व्हिडिओ म्हणून.

तेव्हा मी ठरवलं, ‘इतिहासाची साधने’ हा धडा या वर्षी मोबाइल हातात घेऊन शिकवायचा.

सुरुवात केली ती आपल्या घरच्याच माणसापासून. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे. १८९८ साली त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड छापला. १७५० ते १७६१ या काळातली, पानिपतापर्यंतची पत्रं त्यात आहेत. मी मुलांना विचारलं, पानिपतावर बखरी होत्या की! मग हा माणूस दारोदार हिंडून, माळ्यावरची दप्तरं उपसून, वाळवी लागलेली पत्रं कशाला गोळा करत बसला? मुलांनीच उत्तर काढलं. बखर बहुधा गोष्ट घडून गेल्यावर, ऐकीव माहितीवर, कुणाला तरी खूश ठेवण्यासाठी लिहिलेली. पत्र मात्र त्या वेळचं, त्या जागेवरचं, त्याच्यावर तारीख आणि लिहिणाऱ्याचं नाव. एक मुलगी म्हणाली, ‘बाई, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर येतात त्या सगळ्या बखरीच!’ मी म्हटलं, ‘बखरकाराचं निदान नाव तरी कधी कधी सापडतं गं. इथं तेही नाही.’

आपल्याकडे एक म्हण आहे, बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर. त्या वर्षी आमच्या वर्गाचं ते घोषवाक्यच झालं. मजकूर आला की आधी त्याचा बाप शोधायचा.

पहिला नमुना घेतला दिवाळीचा. भारताचं एक छायाचित्र दर दिवाळीत फिरतं, आपणही पाहिलं असेल. देश निळ्या, हिरव्या, लाल दिव्यांनी झगमगलेला, खाली ‘दिवाळीच्या रात्री अवकाशातून दिसणारा भारत’. मुलांना आठवडाभर दिला. बाप सापडला अमेरिकेत! तिथल्या ‘नोआ’ या हवामान आणि समुद्र यांचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेतल्या एका शास्त्रज्ञानं २००३ साली ते चित्र बनवलं होतं. त्यातले रंग दिवाळीचे नाहीतच. पांढरे दिवे १९९२च्या आधीपासूनचे, आणि निळे, हिरवे, लाल हे अनुक्रमे १९९२, १९९८ आणि २००३ सालचे. म्हणजे आपली गावं कशी वाढत गेली त्याचा तो नकाशा. पुढे २०१२च्या दिवाळीत ‘नासा’नं त्या रात्रीचं खरंखुरं उपग्रहचित्र प्रसिद्ध केलं आणि सांगितलं, की दिवाळीच्या दिव्यांनी पडणारा फरक इतका थोडा असतो, की अवकाशातून तो जाणवायचा नाही. मुलं थोडी हिरमुसली. पण एकजण म्हणाला, ‘बाई, खरं चित्र जास्त भारी आहे. त्यात आपलं गाव कधी वाढलं ते दिसतं.’ खोटं उघडं पडल्यावर हातात काहीच उरत नाही असं नाही, हे त्या मुलानं मला शिकवलं.

दुसरा नमुना मेकॉलेचा. भारतभर फिरलो, मला एकही भिकारी की चोर दिसला नाही, या देशाचा कणा मोडायचा तर त्याचं शिक्षण बदललं पाहिजे, अशा अर्थाचं त्याचं म्हणून एक वचन भाषणांत ऐकू येतं. त्याखाली तारीख असते २ फेब्रुवारी १८३५ आणि स्थळ ब्रिटिश पार्लमेंट. ऐकताना आपलीही छाती फुगते. खोटं कशाला बोलू, मी स्वतः एका पंधरा ऑगस्टला हे माइकवरून म्हटलं होतं! मुलांनी शोध घेतला. २ फेब्रुवारी १८३५ ही तारीख खरी आहे, पण ती मेकॉलेच्या शिक्षणविषयक टिपणाची. ते टिपण आजही वाचायला मिळतं. त्यात हे वाक्य नाही. आणि त्या दिवशी मेकॉले पार्लमेंटात असणार कसा? तो तेव्हा कलकत्त्यात होता! मूळ टिपणात त्यानं आपल्या ग्रंथांबद्दल जे तुच्छतेनं लिहिलंय, ते राग यावा असंच आहे. रागावायचं तर त्याच्या खऱ्या शब्दांवर रागवा ना! त्यासाठी खोटे शब्द कशाला हवेत?

इथं मुलांच्या लक्षात एक गोष्ट आली. दोन्ही नमुने आपल्याला आवडणारे. भीती दाखवणारा व्हिडिओ आणि अभिमान वाढवणारं वचन, दोन्ही आपण सारख्याच घाईनं पुढे ढकलतो. तेव्हा वर्गाचा पहिला नियम ठरला. मजकूर वाचून अंगावर काटा आला, डोळ्यांत पाणी आलं किंवा छाती फुगली, तर बोट आधी थांबवायचं.

नंतर मी नेहमीच्या शिक्षकी पद्धतीनं एक यादी केली. शुद्धलेखन पाहा, तारीख पाहा, पानाची मांडणी नीटनेटकी आहे का पाहा, पत्त्याच्या शेवटी ‘डॉट ओआरजी’ असेल तर संस्था चांगली समजा. मोठ्या अक्षरांत छापून भिंतीवर लावली. पंधरा दिवसांत ती मला उतरवावी लागली. दहावीतल्या एका मुलानं शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचं एक संकेतस्थळ दाखवलं. शुद्धलेखन माझ्यापेक्षा चांगलं, कालचीच तारीख, वर राजमुद्रेसारखं काहीतरी. आणि शेवटी शुल्क म्हणून पैसे मागत होतं! ‘डॉट ओआरजी’ हे नाव तर पैसे भरून कुणालाही घेता येतं. सरकारी कार्यालयांना मिळतं ते ‘डॉट गव्ह डॉट इन’ किंवा ‘डॉट निक डॉट इन’. तेवढी एक ओळ मी यादीत ठेवली, बाकी सगळी फाडली.

माझी चूक कुठं झाली ते एका अमेरिकन अभ्यासातून समजलं. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ साली पंचेचाळीस जणांना काही संकेतस्थळं पारखायला दिली. दहा जण इतिहासातले डॉक्टरेट झालेले, पंचवीस त्याच विद्यापीठाचे विद्यार्थी आणि दहा जण वृत्तसंस्थांसाठी बातम्यांची शहानिशा करणारे. इतिहासकारांतले बरेचसे चकले! (हे वाचून मला थोडं बरं वाटलं, हे कबूल करते.) त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी ते पान वरपासून खालपर्यंत मन लावून वाचलं. शहानिशा करणाऱ्यांनी तसं केलंच नाही. पानावर आल्या आल्या ते त्यातून बाहेर पडले, शेजारी दुसरी पानं उघडली आणि या संस्थेबद्दल इतर कोण काय म्हणतं ते आधी पाहिलं. त्यांना वेळही कमी लागला आणि उत्तरही बरोबर आलं. याला ते आडवं वाचन म्हणतात.

हे वर्गात सांगितलं, तेव्हा विणकराच्या घरातला मुलगा पटकन म्हणाला, ‘बाई, एकच पान खालपर्यंत वाचलं म्हणजे नुसता ताणा झाला. बाणा टाकल्याशिवाय कापड कुठं होतंय?’ अगदी खरं! उभे धागे कितीही मोजा, आडवा धागा गेल्याशिवाय वस्त्र तयार होत नाही. तेव्हापासून आमच्या शाळेत या कामाला ‘बाणा टाकणं’ असं नाव पडलंय.

कुणी म्हणेल, मग विकिपीडिया वापरायचा की नाही? मी मुलांना दोन पानं शेजारी शेजारी ठेवायला सांगते. एक मराठी विकिपीडियाचं, दुसरं मराठी विश्वकोशाचं. विश्वकोशाच्या नोंदीखाली लिहिणाऱ्याचं नाव असतं, म्हणजे बाप कळला. पण त्याचा पहिला खंड १९७६ सालचा. एका मुलीनं प्रकल्पात शहराची लोकसंख्या लिहिली, ती निघाली १९७१च्या जनगणनेची. माहिती खोटी नव्हती, शिळी होती. विकिपीडियावर उलट. लेख कधी बदलला हे ‘इतिहास’ या कळीवर मिनिटासकट दिसतं, पण बदलणारा कोण ते बहुधा कळत नाही. म्हणून तिथं खालचे संदर्भ पाहायचे आणि त्या संदर्भापर्यंत स्वतः जायचं. २००५ साली ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकानं विकिपीडिया आणि ब्रिटानिका यांतले ४२ विज्ञानलेख तज्ज्ञांकडून तपासून घेतले. एका लेखात सरासरी चुका विकिपीडियात चार, तर ब्रिटानिकात तीन. म्हणजे सोवळं कुणीच नाही आणि अगदी टाकाऊही कुणी नाही. ज्या कामासाठी वापरायचं, त्या कामापुरती पारख करायची.

सगळ्यात ताजी अडचण कृत्रिम बुद्धिमत्तेची. प्रश्न विचारला की उत्तर हजर, तेही सफाईदार मराठीत. एका मुलानं आमच्या भागातल्या किल्ल्यावर निबंध आणला, शेवटी तीन संदर्भग्रंथ. मी ग्रंथालयात शोधले, तालुक्याच्या वाचनालयात फोन केला. त्यातलं एक पुस्तक कधी लिहिलंच गेलं नव्हतं! त्यात मुलाची लबाडी नव्हती. हे यंत्र शब्दापुढे कुठला शब्द शोभेल ते बघून वाक्यं जुळवतं, त्यामुळे नसलेलं पुस्तकही अगदी असल्यासारखं सांगतं. २०२३ साली न्यूयॉर्कमधल्या दोन वकिलांनी अशाच यंत्रानं दिलेले, कधीच न झालेले खटले न्यायालयात दाखले म्हणून दिले. न्यायाधीशांनी पाच हजार डॉलरचा दंड केला. मोठमोठे वकील जिथं फसतात, तिथं आमच्या नववीच्या पोराला मी काय बोलणार? त्याला एवढंच सांगितलं, ‘यंत्रानं पुस्तकाचं नाव सांगितलं ना, आता ते पुस्तक हातात घेऊन ये.’

पालकांनी विचारलं, की हे सगळं मुलांनी करायचं कधी? अभ्यास काय कमी आहे? प्रश्न रास्त आहे. प्रत्येक विनोदाचा आणि प्रत्येक सुप्रभाताचा बाप शोधत बसा, असं मी म्हणत नाही. पण ज्या माहितीवरून आपण पैसे देणार, औषध घेणार, परीक्षेला जाणार किंवा कुणा माणसाबद्दल मत बनवणार, तिथं पाच मिनिटं काढलीच पाहिजेत. आता दहावीच्या परीक्षेचंच घ्या. दर वर्षी वेळापत्रकं व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरतात. राज्य मंडळ दर वर्षी सांगतं, की शाळेला पाठवलेलं छापील वेळापत्रक तेवढं अंतिम. शाळेच्या फलकापर्यंत चालत जाण्याचा आळस केला, तर पेपर बुडायचा!

राईनपाड्यानंतर हे संपलं का? नाही. २०२०च्या एप्रिलमध्ये पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथं अशाच अफवांच्या दिवसांत दोन साधू आणि त्यांचा चालक यांचा जीव गेला. २०२२च्या सप्टेंबरमध्ये सांगली जिल्ह्यात जत तालुक्यात चार साधूंना मुलं पळवणारे समजून मारहाण झाली. त्याच सुमारास आमच्या पालकांच्या ग्रुपवर पुन्हा तसाच एक व्हिडिओ आला. मी उत्तर लिहायला घेतलं, तोवर एका आईनं लिहिलं होतं, ‘माझी मुलगी विचारते, हा कुठल्या गावचा आणि तुम्हाला कुणी पाठवला?’ पाठवणाऱ्या गृहस्थांनी दहा मिनिटांनी तो काढून टाकला. एवढंच घडलं. बातमी व्हावी असं त्यात काही नव्हतं, आणि आमच्या कामाचं फळ म्हणाल तर ते असंच, काहीच न घडण्याचं असतं.

टाकी लावणारी बाई २०१८नंतर दोन वर्षं आमच्या गावात फिरकली नाही. नंतर एकदा चहावाल्याच्या दुकानाशी दिसली. मी जवळ गेले, घरी बोलावलं, पाटा पुढे ठेवला. तो व्हिडिओ मी पाठवला होता, हे तिला सांगितलं. तिनं छिन्नी थांबवली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘तुम्ही शिकलेल्या ना बाई?’ एवढंच. पुन्हा खाली मान घालून टाकी लावू लागली. मजुरी ठरली तेवढीच घेतली, वरचे पैसे परत केले.

तो व्हिडिओ मी फोनमधून पुसलेला नाही. दर वर्षी जूनमध्ये नवी नववी येते, तेव्हा ‘इतिहासाची साधने’ शिकवताना पहिलं साधन म्हणून तोच दाखवते. वर माझं नाव, तारीख, वेळ आणि खाली माझेच दोन शब्द, ‘काळजी घ्या’. मग मुलांना म्हणते, विचारा आता प्रश्न.

आज रात्री जेवताना आपल्या घरातल्या मुलानं ‘बाबा, आई, हे तुम्हाला कुणी सांगितलं?’ असं विचारलं, तर त्याला उलट उत्तर देतो म्हणून रागावू नका. उत्तर ठाऊक असेल तर द्या. नसेल तर ‘माहीत नाही, चल शोधू’ असं म्हणा. माझ्यावर हे म्हणायची वेळ फार उशिरा आली. आपल्यावर तशी न येवो.